चित्रफितीचे संकलन : वेग आणि घाई



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर, इतिहासावर, शेतीवर आणि आरोग्यावर जाणत्या माणसांची व्याख्याने ऐकत आला आहात. त्या पंक्तीत आमच्यासारख्या कारागिराला पाट मांडून चालकांनी थोडे धाडसच केले आहे. आम्ही विद्वान नव्हे. लग्नकार्ये, हरिनाम सप्ताह, शाळांची स्नेहसंमेलने यांचे जे चित्रण होते, ते संगणकावर जुळवून त्याची एक पाहण्याजोगी फीत तयार करून देणे, एवढाच आमचा व्यवसाय. या कामाला संकलन म्हणतात. ते लवकर आणि नीट कसे करावे, यावर बोला, असे चालकांनी सुचविले. विषय ऐकून काहींना वाटले असेल की हे तर दुकानातले बोलणे. नगरवासीयांनी ते का ऐकावे? त्याचे उत्तर आमच्या एका चुकीत आहे. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी केज तालुक्यातील एका घरचे लग्न आम्ही घेतले होते. घर ऊसतोडीवर जाणारे. लग्न वैशाखातले. हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या आजीने जात्यावर बसून ओव्या म्हटल्या. आवाज थकलेला, पण ओवीमागून ओवी अशी येत होती की कॅमेरा धरणाऱ्या आमच्या पोराला हात हलविण्याचे भान राहिले नाही. "माझा आवाज मला ऐकायला मिळंल का रे, बाबा?" असे आजींनी विचारले. "महिन्याभरात, आजी," असे आम्ही सांगितले. वैशाखाचा ज्येष्ठ झाला, आषाढ-श्रावण गेले. दसरा उलटला आणि घरातली कर्ती माणसे कोयते घेऊन कारखान्याच्या वाटेला लागली. फीत तयार झाली मार्गशीर्षात. ती घेऊन आम्ही गावी गेलो, तेव्हा आजी गेल्याला पंधरा दिवस झाले होते.

कुणी आम्हांला बोल लावला नाही. मुलाच्या चुलत्याने पैसे मोजून दिले, चहा पाजला. परंतु त्या दिवशी परत येताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. आम्ही ज्याला 'काम' म्हणत होतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी माणूस वाट पाहात बसलेले असते. तेव्हा कामाचा वेग ही केवळ धंद्याची बाब नव्हे, ती दिलेल्या शब्दाची बाब आहे.

मग वेळ जातो कुठे, हे आम्ही वही घालून पाहिले. महिनाभर प्रत्येक कामाची नोंद ठेवली. आमची समजूत अशी की संगणक जुना आहे, म्हणून उशीर होतो. वहीने निराळेच सांगितले. चित्रे कापण्यात आणि जोडण्यात दिवसाचा लहानसा भागच जात होता. उरलेला बहुतेक वेळ शोधण्यात जाई. वरातीचे चित्रण कोणत्या कार्डावर आहे, मामाने मुलीला आणले ते दुसऱ्या कॅमेऱ्यात आहे की पहिल्या, काल निवडलेला तुकडा आज कुठे गेला, याच विवंचनेत दुपार सरे.

आता या पसाऱ्याचे मान किती असते, ते पाहा. चित्रण सामान्यतः सेकंदाला 25 चित्रे या गतीने होते. म्हणजे एका तासाची चित्रे 90,000. लग्नात दोन कॅमेरे चार-चार तास चालले, तर 7,20,000 चित्रे होतात. त्यांतून तासाभराची फीत करावयाची, म्हणजे आठांतले सात भाग बाजूला ठेवावयाचे. कॅमेरा सेकंदाला 100 मेगाबिट या दराने लिहीत असेल, तर तासाला 45 गिगाबाइट आणि आठ तासांना 360 गिगाबाइट जागा लागते. एवढ्या ढिगात हात घालून एक आजीबाई शोधून काढावयाची!

ही अडचण आजची नव्हे, ती या कलेच्या जन्मापासूनची आहे. आपल्या महाराष्ट्रात ती आरंभीच्या काळात सोसली दादासाहेब फाळके आणि सरस्वतीबाई फाळके या दांपत्याने. 1912 साली दादासाहेब विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणि इतर सामग्री घेऊन आले. कच्च्या फितीच्या कडांना भोके नसत. ती घरी, अंधारात पाडावी लागत. रात्र रात्र बसून ती पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. फीत धुणे-जुळविणे यांतही त्यांचा हात असे आणि दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याची लांबी सुमारे 3,700 फूट. पस्तीस मिलिमीटरच्या फितीत एका फुटात 16 चित्रे बसतात. म्हणजे जवळजवळ साठ हजार चित्रे या माणसांच्या बोटांखालून गेली.

त्याआधी भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी फाळक्यांनी एक छोटी फीत केली होती, 'अंकुराची वाढ'. कुंडीतल्या रोपाची दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रे घेतली आणि महिन्याभराची वाढ पडद्यावर क्षणभरात घडताना दाखविली. आमच्या विषयाचे सारे मर्म या एका प्रयोगात आहे, असे आम्हांला वाटते. पडद्यावर जो वेग दिसतो, त्यामागे कॅमेऱ्याजवळ रोज त्याच वेळी, त्याच जागी बसण्याची शिस्त असते.

पुढे फीत पाहण्याची यंत्रे आली. मूव्हिओला 1924 साली आली. पुण्यात प्रभातच्या आवारात 1960 साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली. तेथे शिकलेल्या रेणू सलुजा यांना संकलनासाठी चार वेळा राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्या काळी संकलकाच्या खोलीत एक चौकट असे. तिला खुंट्या, खाली कापडी पिशवी. कापलेला प्रत्येक तुकडा नाव-क्रमांक लावून खुंटीला टांगावयाचा, असा दंडक होता. तुकडा हरवला तर हाती काहीच उरत नसे, म्हणून ती शिस्त आपोआप पाळली जाई. 1989 साली एव्हिड हे संगणकावरील संकलनाचे साधन बाजारात आले. पुढच्या काही वर्षांत कात्री गेली, खुंटी गेली आणि खुंटीबरोबर ती शिस्तही गेली. आमच्या उशिराचे मूळ येथे आहे.

वॉल्टर मर्च हे अमेरिकेतील नामांकित संकलक. 1979 साली आलेल्या 'अपोकॅलिप्स नाऊ' या युद्धपटाच्या संकलनात ते होते. त्या चित्रपटासाठी साडेबारा लक्ष फूट फीत खर्ची पडली, म्हणजे सुमारे 230 तासांचे चित्रण. मर्च यांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा प्रत्येक संकलकाच्या वाट्याला दिवसाकाठी दीडाहून कमी जोड आले. एक जोड लावावयास काही सेकंद पुरतात. मग दिवसभर ही माणसे काय करीत होती? पाहात होती, लावून मोडत होती, विचार करीत होती. संकलनाचा खरा वेळ ठरविण्यात जातो, कापण्यात नव्हे. तेव्हा ज्याला वेग वाढवावयाचा आहे, त्याने बोटे जलद चालविण्यापूर्वी ठरविण्याची वाट मोकळी करावी.

आपल्या जिल्ह्यातील माणसांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. फडावर नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. नुसता सपासप ऊस पाडणारा गडी शहाणा समजला जात नाही. पाचट काढलेले, वाढे निराळे केलेले, मोळी बांधून गाडीच्या वाटेवर ठेवलेली, असे ज्याचे काम, त्याचीच गाडी वेळेवर भरते. जो नुसताच ऊस पाडत सुटतो, तो संध्याकाळी आपल्याच ढिगात मोळी शोधत बसतो. आमचे अगदी तसे झाले होते.

मग आम्ही काय बदलले, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, चित्रण घरी आले की त्याच रात्री ते उतरवून घ्यावयाचे. त्याच्या तीन प्रती करावयाच्या. त्या निदान दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या घरी असावी. प्रती उघडून पाहिल्याखेरीज कॅमेऱ्यातील कार्ड पुसावयाचे नाही. हा नियम आम्ही ठेच लागून शिकलो. आजींच्या प्रकरणानंतर आम्ही घाईस पेटलो होतो आणि त्या घाईत एका घरच्या कन्यादानाचे कार्ड प्रत न घेताच पुसून बसलो. उशिरा मिळालेली फीत निदान मिळते तरी. पुसलेले कन्यादान पुन्हा होत नाही. त्या दिवसापासून वेग आणि घाई या दोन शब्दांतले अंतर आम्हांला कळू लागले.

दुसरी गोष्ट, नावे. प्रत्येक कार्याचा एक फोल्डर. त्यात हळद, सीमांतपूजन, अक्षता, कन्यादान, पंगत, वरात असे भाग. आणि कॅमेरा पहिला की दुसरा याची खूण. 'नवीन', 'शेवटचे', 'अगदी शेवटचे' अशी नावे ठेवावयास बंदी. ज्याने चित्रण पाहिले नाही अशा माणसालाही हवी ती वस्तू सापडली पाहिजे, ही नावाची कसोटी.

तिसरी गोष्ट, हलक्या प्रती. मोठे चित्रण जुन्या संगणकावर अडखळत चालते. प्रीमियर, रिझॉल्व्ह यांसारख्या साधनांत मूळ चित्रणाच्या लहान, हलक्या प्रती करता येतात. त्यांना प्रॉक्सी म्हणतात. काम त्यांवर करावयाचे आणि शेवटी साधन आपण होऊन मूळ चित्रण जागेवर बसविते. रात्री प्रती करावयास लावून झोपावे, सकाळी यंत्र तयार असते. नवा संगणक घेण्यासाठी कर्ज काढावयास निघालेल्या आमच्या एका मित्राचे कर्ज या एका युक्तीने टळले. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून दर पाच मिनिटांनी काम आपोआप साठविले जाईल अशी योजनाही पहिल्याच दिवशी करावी.

चौथी गोष्ट, कळफलक. बाणाने पडद्यावरची बटणे शोधत फिरणे म्हणजे प्रत्येक घासाला उठून ताट आणण्यासारखे आहे. बहुतेक साऱ्या साधनांत जे, के, एल या तीन कळांवर सारा प्रवास होतो : एल दाबली की फीत पुढे, जे दाबली की मागे, के दाबली की थांबते. एल पुन्हा दाबली की गती वाढते. आय ही निवडीचा आरंभ, ओ ही शेवट. आमच्याकडे शिकावयास येणाऱ्या मुलांना आम्ही पहिल्या आठवड्यात या पाचच कळा शिकवितो. हार्मोनियम शिकणाऱ्याचे बोट जसे पाहिल्यावाचून स्वरावर पडते, तसे पडू लागल्यावरच सहावी कळ.

पाचवी गोष्ट, साचा. नावांच्या पाट्या, रंगांची जुळणी, आवाजाची पातळी हे दर वेळी नव्याने करण्यात अर्थ नाही. एकदा नीट केलेला साचा ठेवावा आणि प्रत्येक कार्याला त्यातच आरंभ करावा. दोन कॅमेऱ्यांचे चित्रण जुळविण्याचे काम साधने आवाजावरून स्वतः करितात. ते त्यांना करू द्यावे.

आणि सहावी गोष्ट, जिच्यासाठी वरील पाच. एकही जोड लावण्यापूर्वी सारे चित्रण एकदा पाहावयाचे आणि टिपणे घ्यावयाची. येथे पुष्कळांना वाटते की आठ तास पाहण्यात वेळ वाया गेला. वस्तुतः तेथेच तो वाचतो. पंगत, वरात, आहेर दुप्पट गतीने पाहिले तरी चालते. पण म्हातारे माणूस बोलत असेल, कुणी ओवी म्हणत असेल, मुलीच्या डोळ्यांत पाणी असेल, तर गती वाढवावयाची नाही. हल्ली बोललेल्या शब्दांचा लेख करून देणारी आणि चेहरे निवडून देणारी यंत्रबुद्धी आली आहे. तिचा उपयोग जरूर करावा. परंतु मांडवाच्या कोपऱ्यात पदराने डोळे पुसणारी बाई नवरीची मावशी आहे आणि आईच्या माघारी तिनेच मुलीला वाढविले आहे, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. ते आम्हांलाही ठाऊक नसते. घरच्यांना विचारावे लागते. तेव्हा चित्रण ताब्यात घेताना आता आम्ही एक प्रश्न विचारतो, "या फितीत कोण दिसलेच पाहिजे?" या प्रश्नाला पाच मिनिटे लागतात आणि पुढे फीत परत येऊन दुरुस्त करण्याचे पाच दिवस वाचतात.

या साऱ्याने आमचे काम किती जलद झाले, असे आपण विचाराल. पूर्वी जेथे ऋतू जात, तेथे आता आठवडे पुरतात. परंतु खरा बदल आणखी एक आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांचा भाग आम्ही सर्वांत आधी काढतो. सारी फीत पुढे यथावकाश होते. पण आजोबांचा आशीर्वाद, आजींची ओवी ही चार मिनिटांची चित्रफीत आठवड्याच्या आत घरच्यांच्या फोनवर पोहोचते. गेल्या हंगामात धारूरकडच्या एका घरची फीत अशीच फोनवरून गेली. माणसे त्या वेळी दूर फडावर, कोपीत होती. रात्री त्यांचा फोन आला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज, पोरांचा कालवा, आणि त्यातून पुनःपुन्हा तीच ओवी ऐकू येत होती. गावी असलेल्या म्हातारीलाही शेजारच्या मुलाने ती ऐकविली होती. तिचे म्हणणे एवढेच होते की आवाज आपलाच आहे, पण जरा बसलेला वाटतो.

मंडळी, यंत्रे याहून जलद होतील आणि आज आम्ही सांगितलेल्या कळाही उद्या बदलतील. वाचविलेला वेळ कुणासाठी वाचविला, हा प्रश्न मात्र सुताराने, शिंप्याने, कचेरीतल्या कारकुनानेही आपल्या कामापाशी विचारण्यासारखा आहे. आमच्यापुरते उत्तर केजच्या त्या आजींनी देऊन ठेवले आहे. त्यांच्या ओव्यांची मूळ फीत आम्ही तीन प्रतींत जपून ठेवली आहे. ती ज्यांनी ऐकावयाची होती, त्यांना ती ऐकविता आली नाही. म्हणून कामाला बसण्यापूर्वी आम्हीच ती अधूनमधून ऐकतो.