वजनाचा काटा आणि हातातला फोन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



काटेवाडीत राहायचे आणि काट्याला भ्यायचे, असे माझे बरीच वर्षे चालले होते. गुडघे बोलू लागले, रक्तात साखर निघाली, तेव्हा डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले आणि मुलाने फोनवर एक अ‍ॅप घालून दिले. दहाव्या दिवशी मी ते काढून टाकले. माझी भाची पुण्यात अशीच अ‍ॅप तयार करते. तिने कारण विचारले. तिला सांगितले तेच आज तुम्हांला सांगते.

त्यात ‘भाकरी : एक’ एवढेच लिहायचे होते. पण कोणाची भाकरी? शंभर ग्रॅम पिठाची असेल तर साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, पन्नासाची असेल तर निम्म्या. मी भाचीला म्हटले, ‘‘अगं, किती खाल्ल्या हे मागाहून विचार, आधी किलोभर पिठाच्या किती होतात ते विचार.’’ याचे उत्तर आपल्यापैकी कोणीही झोपेतसुद्धा देईल!

मग पावलांचा हिशेब. फोन फडताळात आणि मी दिवसभर रानात खुरपायला. संध्याकाळी अ‍ॅप मला आळशी ठरवी. तुकोबांची पालखी आली, मेंढ्यांचे रिंगण पाहायला गेले, त्या दिवशी फोन कमरेला होता म्हणून तेवढी शाबासकी मिळाली.

पण खरे मन उतरले ते लाल अक्षरांनी. भाचीच्याच साखरपुड्यात जेवले, तर रात्री फोनवर लाल अक्षरांत ‘मर्यादा ओलांडली’. लठ्ठ बाईला घरीदारी बोलणारे थोडे का असतात? त्यात ही आणखी एक सासू कशाला? खाल्लेले रोज लिहून ठेवणाऱ्यांचे वजन उतरायला मदत होते, हे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. परंतु बोलणी खायला कोण रोज वही उघडील?

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत, कॅलरी मोजणे नाही. ते सर्वांना मानवेलच असे मी म्हणत नाही, आणि साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण मुळीच सोडू नये. पण त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत प्रश्न विचारला की माणूस उत्तर देतो, हे भाचीने नीट लक्षात घ्यावे.

आणि बारीक बायकांनी हसू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की आपली माणसे सडपातळ दिसूनही अंगात चरबी बाळगून असतात. म्हणून बायकांची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या आत असावी असे सांगतात. वजनकाटा घरोघर नसेल, ब्लाउज शिवायची टेप मात्र आहे. अ‍ॅपने तीच मागावी, आणि मराठीत बोलून मागावी.

भाची मागच्या सतरंजीवर वही घेऊन बसली आहे. चहापूर्वी प्रत्येकीने तिला किलोच्या भाकऱ्या सांगायच्या आहेत. माझ्या नऊ होतात.