सामाईक जाळे आणि सामाईक रोग



वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात सुरू केली. त्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी ऐकावे, असा रिवाज. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या बैठकांत जास्त झाले. त्यामुळे चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "मला जाळ्यावर बोलायचे आहे." त्यांना वाटले, हा भांडवलशाहीच्या जाळ्यावर बोलणार! त्या जाळ्यावर मी आयुष्यभर बोलत आलोच आहे. आज मात्र मला खऱ्याखुऱ्या, सुताच्या आणि नायलॉनच्या जाळ्यावर बोलायचे आहे. जाळ्याबरोबर फावडे, घमेले, बांबू, डोंगा, पाणी उपसायचा पंप ही तळे साफ करण्याची सारी अवजारे आली.

आत्ताच हा विषय का, असे कोणी विचारील. हे दिवस चैत्र-वैशाखाचे आहेत. तळ्यांचे पाणी तळाशी गेले आहे. आपल्या जिल्ह्यात पूस, अरुणावती, बेंबळा ही मोठी धरणे आहेत. पण भोई बांधवांचे आणि मजुरांचे पोट त्याहून लहान पाण्यावर, गावतलावांवर आणि पाझर तलावांवर जास्त चालते. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि पाण्याच्या जागा आणखी वाढल्या. उन्हाळ्यात या तळ्यांतला गाळ काढतात, काठावरची बेशरम तोडतात, जलपर्णी ओढून बाहेर टाकतात, उरलेली मासळी काढून घेतात आणि पावसाळ्यात नवी बोटुकली सोडतात. ही सारी कामे या दोन महिन्यांत उरकावी लागतात, आणि अवजारे मात्र एका गावाजवळ पुरेशी नसतात. म्हणून ती गावोगाव फिरतात. आज या तळ्यावर, उद्या त्या तळ्यावर.

अवजारे वाटून वापरणे ही चांगली गोष्ट आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. लांब ओढजाळे एकट्या गरीब माणसाच्या आवाक्यातले नाही. ते ठेकेदार घेऊ शकतो, आणि ज्याच्या हातात जाळे त्याच्या हातात भाव. चार गावांनी पैसे काढून एक जाळे घेतले तर त्या चार गावांची मान ताठ राहते. ही शिकवण मीच कितीतरी बैठकांत दिली आहे. आणि याच शिकवणीचा एक कडू घोट मी घेतला आहे. तो आज तुमच्यापुढे मांडतो.

बारा-चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन गावांच्या मच्छीमारांनी मिळून एक ओढजाळे, बांबूंचा तराफा आणि एक पंप घेतला. बैठक माझ्याच पुढाकाराने झाली. नियम आम्ही कडक केले: कोणाची पाळी कधी, भाडे किती, फाटले तर कोणी शिवायचे. एका दिवसाचीही खोटी होऊ नये म्हणून असेही ठरवले, की संध्याकाळी एका तळ्यावरचे काम संपले की रात्रीच सामान ट्रॉलीत घालून दुसऱ्या गावी पोचवायचे. ही कलम घालणारा मीच. मला तिचा मोठा अभिमान होता.

पहिल्या गावच्या तळ्यातले रोहू त्या साली उगाच उड्या मारत होते, दगडाला अंग घासत होते. अंगावर लाल ठिपके होते. लोक म्हणाले, उन्हाने पाणी तापले आहे. ओले जाळे आणि ओले बांबू ताडपत्रीखाली झाकून आम्ही दुसऱ्या गावी नेले आणि सकाळी तसेच पाण्यात घातले. दीडदोन महिन्यांनी दुसऱ्या गावचे मासेही अंग घासू लागले. एका म्हाताऱ्या भोई बाबांनी मासा हातात घेतला, नखाने अंगावरून काहीतरी खरवडले आणि माझ्या तळहातावर ठेवले. मसुरीच्या डाळीएवढा, चपटा, काचेसारखा आरपार दिसणारा जीव. तो चालत होता. बाबा म्हणाले, "ही माशाची ऊ. हे आपल्याच बांबूवरून आली असेल, भाऊ."

ती बांबूवरूनच आली हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पाण्याच्या लोंढ्याबरोबर आणि आजारी बोटुकलीबरोबरही ती येते. पण पुढे मी पुस्तके चाळली, मत्स्यखात्याच्या माणसांना विचारले, तेव्हा बाबांच्या बोलण्यातले मर्म कळले. या उवेला शास्त्रात अर्ग्युलस म्हणतात. ती माशाचे रक्त पिते. पण अंडी माशावर घालीत नाही. अंडी घालायला ती मासा सोडून दगड, लाकूड, बांबू असा कठीण पृष्ठभाग शोधते आणि तिथे ओळीने अंडी चिकटवते. उबदार पाण्यात ती दोनतीन आठवड्यांत फुटतात. आम्ही ज्या बांबूंचा तराफा केला होता ते त्या उवेचे बाळंतघरच होते, आणि ते ओले राहावे म्हणून आम्ही वर ताडपत्रीही घातली होती!

आता यातलाच उपाय पाहा. ही अंडी कडक उन्हात सुकली की मरतात. काही मत्स्यशेतकरी मुद्दाम तळ्यात बांबू रोवतात, उवा त्यावर अंडी घालतात, मग तो बांबू उपटून उन्हात टाकतात. म्हणजे जो बांबू ओला नेला तर रोग पसरवतो, तोच वाळवला तर रोग मारतो.

दुसरा रोग याहून मोठा. माशाच्या अंगावर लाल चट्टे पडतात, मग खोल जखमा होतात, मांस दिसू लागते. 1971 साली तो जपानात आढळला. पुढे ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियात दिसला, आणि 1988 साली बांगलादेशाच्या बाजूने आपल्या ईशान्येकडील राज्यांत शिरला. पुढच्या काही वर्षांत तो देशभर पसरला. मरळीसारख्या मासळीचे त्याने फार नुकसान केले. त्याचे मूळ बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव आहे. त्याची बीजे पाण्यात पोहतात. भुवनेश्वरजवळच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने त्यावर 'सीफॅक्स' नावाचे औषध काढले. औषध आहे ही चांगली गोष्ट. पण गावतलावाच्या सोसायटीने दर साली औषध विकत घ्यावे, की ओले जाळे तसेच दुसरीकडे नेऊ नये? रोग मुख्यतः आजारी मासे आणि पुराचे पाणी यांनी फिरतो, हे खरे. पूर आपल्या हातात नाही. जाळे आपल्या हातात आहे.

इथे मला एक विचार सुचतो. आपल्या बापजाद्यांना जंतू माहीत नव्हते. पण ते जाळे रोज वाळवीत. का? जाळे सुताचे होते. ओले ठेवले तर कुजायचे. म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात ते रंगवायचे आणि काम झाले की दोन खांबांवर पसरायचे. उन्हात पसरलेले जाळे ही भोईवाड्याची खूणच होती. मग नायलॉन आले. ते कुजत नाही, म्हणून वाळवायची गरज उरली नाही. जाळे टिकाऊ झाले आणि एक चांगली सवय आपण हरवून बसलो. सूत वाचवण्यासाठी वाळवताना मासाही वाचत होता, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. नायलॉनवर माझा राग नाही. पण यंत्र नवे आले की जुन्या कामातली कोणती कडी गळून पडली, हे कामगाराने नेहमी तपासून पाहिले पाहिजे.

मग करायचे काय? परदेशात यावर एक साधे सूत्र निघाले आहे. न्यूझीलंडमध्ये 2004 साली एका नदीत परकी शेवाळी वनस्पती सापडली. ती मासेमारांच्या ओल्या बुटांवरून, होड्यांवरून दुसऱ्या नद्यांत जाऊ शकते, म्हणून सरकारने लोकांना तीन शब्द शिकवले: तपासा, धुवा, वाळवा. पुढे इंग्लंडनेही तेच शब्द उचलले. आपल्याला हे तीन शब्द पुरेसे आहेत. आपल्या पद्धतीने त्यांचा अर्थ सांगतो.

तपासा, म्हणजे तळ्यावरून निघण्यापूर्वी जाळ्यातला गाळ, शेवाळ, जलपर्णीचा तुकडा, गोगलगाय, मेलेला मासा काढून टाका. बेशरमीची ओली काठीही ट्रॉलीत राहू देऊ नका. जिथे पडेल तिथे ती रुजते. पंपातले आणि पाइपातले पाणी त्याच तळ्याच्या काठावर ओतून रिकामे करा.

धुवा, म्हणजे आधी साध्या पाण्याने चिखल काढा, मग औषध. चिखल असला तर ब्लिचिंग पावडरचा जोर चिखलातच खर्ची पडतो. शंभर लिटर पाण्यात सुमारे 70 ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर टाकली, तर लिटरला साधारण 200 मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. त्यात जाळे तासभर बुडवावे आणि पुन्हा चांगल्या पाण्याने खळबळावे. पावडर जुनी, पुडा उघडा राहिलेली असेल तर तिच्यात जोर नसतो. हे काम उघड्यावर, हातमोजे घालून करावे. ते पाणी तळ्यात सोडू नये. क्लोरीनने मासा मरतो. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: फवारणीच्या औषधाचा रिकामा ड्रम या कामाला घेऊ नका. 2017 साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. ते विष काय असते हे यवतमाळला दुसऱ्याने सांगायला नको.

वाळवा, म्हणजे जाळे, बांबू, दोर, घमेली कडक उन्हात पूर्ण दोन दिवस पसरा. गाठीत, घडीत ओल राहता कामा नये. वैशाखात विदर्भाचे ऊन फुकट आहे. हे एक औषध असे आहे की त्यावर कोणाचा मक्ता नाही.

याशिवाय एक नियम बिनखर्चाचा. कामाचा क्रम लावा. आधी बोटुकलीचे तळे, मग निरोगी मोठे तळे, संशयाचे तळे सर्वांत शेवटी. आणि पाण्यात उतरणाऱ्या माणसालाही विसरू नका. ओले गमबूट पाळीपाळीने घातले की पायाला चिखल्या होतात. जखम उघडी ठेवून उंदराच्या, गुरांच्या मुताने घाण झालेल्या पाण्यात उतरले तर लेप्टोचा ताप येऊ शकतो. जखमेवर पाणी शिरणार नाही अशी पट्टी आणि ज्याचे त्याला बूट, एवढे तरी हवे.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. हे सारे ऐकून माझ्या सोसायटीतला माणूस म्हणाला, "भाऊ, दोन दिवस जाळे उन्हात, आन् आमची चूल?" मंडळी, या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय केलेला उपदेश पोकळ आहे. ज्याची रोजी दिवसाच्या कामावर आहे त्याला दोन दिवस थांब म्हणणे म्हणजे दोन दिवस उपाशी राहा म्हणणे. म्हणून माझे मागणे असे आहे की वाळवणीचे दिवस कामाचे दिवस धरावेत. त्या दिवसांत जाळे शिवा, दोर बदला, काठ साफ करा, आणि त्याची हजेरी लावा. तो खर्च सोसायटीच्या सामाईक फंडातून, पाळीच्या भाड्यातून काढा. गिरणीत यंत्राला तेल घालण्याचा वेळ मजुरीतून कापत नाहीत. मग जाळे वाळवण्याचा वेळ का कापावा? एका तळ्याची एका सालची मासळी गेली, तर जे जाते त्यापुढे ही हजेरी काहीच नाही.

दुसरी अडचण लाजेची आणि भीतीची. आमच्या पहिल्या गावाला मासे आजारी असल्याचा संशय होता. पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही. बोलले असते तर पाळी गेली असती, व्यापाऱ्याने भाव पाडला असता. मी त्यांना दोष देत नाही. आमच्या नियमांत फाटलेल्या जाळ्याला दंड होता. पण खरे सांगणाऱ्याला आधार नव्हता. म्हणून नियम असा हवा: जो गाव रोग कळवील त्याची पाळी बुडणार नाही, फक्त शेवटी जाईल, आणि धुण्याचा खर्च सर्वांचा. जाळ्याबरोबर एक वही फिरू द्या. कोणत्या तळ्यावर गेले, मासे कसे दिसले, धुतले कधी, वाळवले किती दिवस, एवढे चार शब्द लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या.

लोक म्हणतात, गरिबांकडून एवढी शिस्त पाळली जाणार नाही. त्यांना मी नारूची आठवण देतो. माझ्या पिढीने नारूची माणसे पाहिली आहेत. पायातून सुतासारखा किडा काढीत, काडीला गुंडाळीत महिना महिना खाटेवर पडलेली. नारू झालेला माणूस पायविहिरीत उतरे, पाण्यात अळ्या सुटत, त्या बारीक जलपिसवा खात, आणि ते पाणी पिणाऱ्याला पुढल्या साली नारू होई. त्यावर ना लस होती, ना रोग बरा करणारे औषध. लोकांनी पाणी कापडातून गाळले, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हातपंप बसवले, रोग्याला पाण्यात उतरू दिले नाही. 1996 च्या जुलैमध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. हे काम खेड्यातल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या आयाबहिणींनी पदराच्या कापडाने केले आहे. ज्यांनी पाणी गाळले, त्यांना जाळे वाळवणे जड नाही.

आमच्या त्या तीन गावांनी जाळे मोडून वाटून घेतले नाही. काहींचे तसे मत होते. पण रात्रभर बैठक चालली आणि शेवटी माझी ती अभिमानाची कलम लोकांनी खोडली. तिच्या जागी एक ओळ आली: ओले सामान गावाबाहेर जाणार नाही. ती ओळ त्या म्हाताऱ्या बाबांनी सांगितली, मी फक्त लिहून घेतली. संघटना करणाऱ्याने कधीकधी एवढेच करायचे असते.

येत्या आठवड्यात तुमच्या गावचे जाळे निघेल, तेव्हा ते हातात घेऊन एकदा पाहा. ओले असेल तर थांबा.