राहुटीवरची पाटी



 या संमेलनाची अध्यक्ष म्हणून, ज्या विषयाची मला काळजी वाटते, त्याच विषयावर आज बोलते. हल्ली एखाद्या पोरीची लावणी, एखाद्या पोराची बतावणी कुणीतरी मोबाइलवर टिपतं आणि आठ दिवसांत ती घराघरात पोचते. मग सत्कार होतात, दुकानांच्या उद्घाटनाची आमंत्रणं येतात. पुढच्या जत्रेच्या हंगामापर्यंत लोकांच्या तोंडी दुसरंच नाव असतं. त्या पोरीच्या पायातली ताकद कमी झालेली नसते. नाव राखायचं कसं, एवढंच तिला कुणी शिकवलेलं नसतं.

आपल्या पूर्वसुरींना ते येत होतं. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगातली त्यांची काळू आणि बाळू ही पात्रं गाजली. दुसरा कुणी असता तर पुढच्या वगात नवं पात्र, नवं नाव घेऊन उभा राहिला असता. या भावांनी ती नावंच कायमची अंगावर घेतली. लोक फडाला काळू-बाळूचा तमाशा म्हणू लागले आणि खाडे हे आडनाव कित्येकांना ठाऊकही राहिलं नाही. प्रेक्षकांनी आपल्यातलं नेमकं काय उचललं, हे त्यांनी ओळखलं होतं.

नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात, तेव्हा आधी राहुटीवरची पाटी वाचतात. पाटीवर फडमालकाचं नाव असतं, गावाचं असतं, पुष्कळदा बापाचं किंवा चुलत्याचंही असतं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या एका नावात मुलगी, बाप, जात आणि गाव असं सगळं आहे. गावकरी त्या नावावर विश्वास ठेवून रात्र सोपवत.

दादा कोंडक्यांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण त्यांच्याबद्दल बोलताना आपण विनोदावर थांबतो आणि त्यांच्या व्यवहाराकडे बघतच नाही. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगमंचावर आलं आणि सेवादलाच्या कलापथकात तयार झालेले दादा त्यातून महाराष्ट्रभर माहीत झाले. १९६९ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त त्यांना पडदा मिळाला. इथवरचं बऱ्याच जणांना मिळतं. दादांनी त्यानंतर काम मागत फिरण्याऐवजी १९७१ मध्ये स्वतः निर्माते होऊन ‘सोंगाड्या’ काढला. लेखक सबनीसच होते, म्हणजे ज्या लेखणीनं नाव दिलं ती त्यांनी सोडली नाही. वरून भोळा दिसणारा, शब्दांत मात्र कुणाला न सापडणारा गावाकडचा माणूस त्यांनी नाटकातून उचलला आणि लोंबत्या नाडीच्या अर्ध्या चड्डीत उभा केला. लांबून नुसती आकृती दिसली तरी प्रेक्षक ओळखू लागले. मग ‘एकटा जीव सदाशिव’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’. उषा चव्हाण, महेंद्र कपूर, उषा मंगेशकर, राम-लक्ष्मण ही माणसं पुन्हा पुन्हा बरोबर राहिली. लागोपाठच्या नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकात झाली. त्यांच्या द्व्यर्थी संवादांवर टीका झाली, माझेही काही आक्षेप आहेत. पण गाजलेल्या गोष्टीची मालकी स्वतःकडे ठेवणं त्यांच्याकडूनच शिकावं.

आता विठाबाईंकडे येते. त्यांच्याकडे काय नव्हतं? आवाज, अदा, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव, सगळं होतं. तरी अखेरची वर्षं ओढगस्तीत गेली आणि २००२ मध्ये त्या गेल्या. आज राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. त्यांनी पैशाचं नियोजन करायला हवं होतं, असं कुणी म्हणालं की मला संताप येतो. ज्या समाजातल्या बाईला कर्ज मिळायचं ते उचल म्हणून, जिच्याशी ठराव व्हायचा तो तोंडी, तिच्या माथी हा दोष मारू नका. तिचं नाव मोठं झालं तेव्हा त्या नावाची कमाई तिच्याकडे वळवणारी एकही वाट आपण बांधली नव्हती.

आज काही वाटा आहेत. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार आपल्या सादरीकरणाचा व्यापारी उपयोग झाला तर त्यात वाटा मागण्याचा हक्क कलावंताला आहे. कार्यक्रमाचं चित्रीकरण करू देताना ते कुठे आणि कशासाठी वापरणार, हे लिहून घ्या. फडाचं किंवा पार्टीचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतं, करमणुकीच्या सेवांसाठी वर्ग ४१ आहे. भावाभावांत फड फुटतो तेव्हा पाटी कुणाची, यावरून मनं कायमची दुभंगतात. फड एकत्र असतानाच ते ठरवा.

आणि तरुण मुलींनो, ज्या तीस सेकंदांनी तुम्हाला नाव दिलं तेच पुन्हा पुन्हा करून दाखवा, असा आग्रह सगळे धरतील. त्या तीस सेकंदांत तुमचं स्वतःचं काय होतं, ते आधी शोधा. डोळा असेल, ठेका असेल, शब्दफेक असेल. जे सापडेल त्यावर तासाभराचा कार्यक्रम बांधा. त्यासाठी ढोलकीवाला बदलत राहू नका, आणि लिहिणारा माणूस जवळ ठेवा.

दुपारच्या सत्रात चित्रीकरणाच्या कराराचा साध्या मराठीतला मसुदा वाचला जाणार आहे. कृपया जेवून निघून जाऊ नका. तो ऐका, अडेल तिथे प्रश्न विचारा, दुरुस्त्या सुचवा. फडमालकांना माझी विनंती आहे की, या हंगामात उचलीच्या कागदावर कलावंताचा अंगठा घ्याल, तेव्हा या कराराचा कागदही सही करून त्याच्या हातात द्या.