कर्मचाऱ्याचे खासगीपण आणि इंदूरचे एक प्रकरण

(इंदूर येथे मराठी भाषक शिक्षक, कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेले भाषण)



कार्यालयाच्या दप्तरात प्रत्येक कर्मचाऱ्याचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक नोंदलेला असतो. ही माहिती कामापुरती दिलेली असते. तरीही वरिष्ठाने तोच क्रमांक घेऊन रात्री दहा वाजता ‘सहज चौकशी’ करावी, लिपिकाने तो एखाद्या तिऱ्हाइताच्या हाती द्यावा, असे घडते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. जिला हा दूरध्वनी येतो, तिला मात्र दुसऱ्या दिवशी रजेच्या अर्जावर त्याच साहेबांची सही घ्यावयाची असते. म्हणून ती गप्प राहते आणि तिच्या गप्प राहण्याला संमती समजले जाते.

खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. स्त्रीने स्पष्ट नापसंती दर्शविल्यानंतरही पुरुषाने वारंवार वैयक्तिक संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ अन्वये गुन्हा असून पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी तर २०१३ चा स्वतंत्र अधिनियमच आहे.

मग स्त्रिया तक्रार का करीत नाहीत? याचे उत्तर ‘बदली’ या एका शब्दात पुष्कळसे सामावलेले आहे. आपल्या या इंदूर शहरातीलच उदाहरण पाहा. पंजाब अँड सिंध बँकेच्या येथील शाखेत एक महिला मुख्य व्यवस्थापक होत्या. दारूच्या ठेकेदारांच्या खात्यांतील अनियमितता त्यांनी वरिष्ठांच्या निदर्शनास आणली. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांची बदली जबलपूर जिल्ह्यातील सरसावा शाखेत झाली. त्या चौथ्या श्रेणीच्या अधिकारी होत्या. ती जागा मात्र पहिल्या श्रेणीच्या अधिकाऱ्याची होती. आपल्या एका वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रारही त्यांनी केली होती. त्या तक्रारीच्या चौकशीसाठी बँकेने नेमलेल्या समितीत बाहेरची सदस्य म्हणून घेतलेली व्यक्ती बँकेच्याच वकिलांच्या यादीतील निघाली! बाहेरचा सदस्य कशासाठी असतो, हे ज्यांना ठाऊक असावयास हवे त्यांनीच असे करावे, हे नवलच म्हटले पाहिजे.

उच्च न्यायालयाने ही बदली रद्द केली. बँक सर्वोच्च न्यायालयात गेली. २५ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी बँकेचे अपील फेटाळले. अनियमितता कळविल्याबद्दल या अधिकाऱ्याचा सूड उगविला गेला, असे न्यायालयाने म्हटले. त्यांना पुन्हा इंदूर शाखेत, निदान एक वर्षासाठी, नेमावे आणि खर्चापोटी पन्नास हजार रुपये द्यावेत, असा आदेश झाला. दोन वर्षांहून अधिक काळ लढल्यावर हे पदरी पडले. ज्या शिक्षिकेचा किंवा अंगणवाडी सेविकेचा पगारच तुटपुंजा, तिने इतके लांब कसे जावे?

म्हणून जवळचा मार्ग माहीत असला पाहिजे. दहा किंवा त्याहून अधिक माणसे कामास असतील तेथे अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असते व निम्म्या तरी सदस्या स्त्रिया असतात. दहापेक्षा कमी माणसे असतील तेथे, तसेच घरकाम करणाऱ्या भगिनींसाठी, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. खेड्यातून जिल्ह्याला जाणे अवघड, म्हणून तालुक्यात समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवावयाची असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करावी. लिहिता येत नसेल तर समितीने साहाय्य करावयाचे आहे. चौकशी चालू असता लेखी विनंती केल्यास तक्रारदार स्त्रीला नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. तिचे नाव व पत्ता प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे.

येथे उपस्थित असलेल्या मुख्याध्यापकांना व कार्यालयप्रमुखांना एक विनंती करतो. उद्या कार्यालयात गेल्यावर समितीच्या आदेशाचा फलक भिंतीवर आहे काय, ते पाहावे. असल्यास त्यावरील सदस्यांपैकी कोणी निवृत्त झाले आहे काय, बाहेरची सदस्य खरोखर बाहेरची आहे काय, हेही पाहावे. आणि कर्मचाऱ्यांच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी त्याच भिंतीवर टांगलेली असेल, तर ती तेवढी उतरवून कपाटात ठेवावी.