आधी निरीक्षण, मग अनुमान



मी डॉक्टर नाही. रुग्णालयांना लागणारं सॉफ्टवेअर लिहिते. पण मघाशी चहाच्या वेळी आपल्या गप्पा ऐकल्या. गेल्या मेळाव्यात विषय मुलांच्या प्रवेशाचा होता, या वेळी आईवडिलांच्या आयसीयूचा. म्हणून तिथल्या एका औषधाची, इन्सुलिनची गोष्ट सांगते.

अत्यवस्थ माणसाच्या रक्तातली साखर मधुमेह नसला तरी वाढते. २००१ साली बेल्जियममधल्या लूवेन इथे, शस्त्रक्रिया विभागाच्या आयसीयूतल्या १,५४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इन्सुलिनने साखर ८० ते ११० मध्ये ठेवली, तेव्हा आयसीयूतले मृत्यू शेकडा ८ ऐवजी ४.६ झाले. अनेक देशांत हीच पद्धत सुरू झाली. पटण्यासारखीच होती ती.

मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि उत्तर अमेरिकेतल्या ४२ रुग्णालयांनी तोच प्रश्न ६,१०४ रुग्णांमध्ये तपासला. या अभ्यासाचं नाव 'नाइस-शुगर'. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एकाची साखर कडक ताब्यात, दुसऱ्याची १८० पर्यंत चालेल अशी. निकाल २००९ मध्ये आला. नव्वद दिवसांत कडक गटातले शेकडा २७.५ रुग्ण दगावले, दुसऱ्यातले २४.९. साखर धोकादायक इतकी खाली जाण्याचं प्रमाण ६.८ विरुद्ध ०.५. साखर उतरली की आपल्याला घाम फुटतो, हात थरथरतात, आपण कुणाला तरी हाक मारतो. व्हेंटिलेटरवर गुंगीत असलेला माणूस काय सांगणार?

फरक शंभरात दोन-तीन माणसांचा. खाटेशी उभ्या असलेल्या कितीही हुशार डॉक्टरला तो दिसत नाही, कारण असा रुग्ण गेला की आजारच मोठा होता असं वाटतं. हजारो रुग्ण मोजल्यावरच तो कळतो. आपल्या प्रयोगवहीत 'निरीक्षण' कोरं ठेवून 'अनुमान' लिहिलं की सर लाल रेघ मारायचे, ते याचसाठी.

हे मोजता आलं ते रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ऐन काळजीत संमती दिली म्हणून. त्याचा फायदा आज आपल्या आईवडिलांना मिळतो. उद्या कुणी संशोधनाचा संमतीचा कागद पुढे केला, तर 'आमच्यावर प्रयोग नकोत' म्हणून लगेच उठू नका. विचारा: नेहमीचा उपचार कोणता? नवीन काय करणार? नैतिक समितीची मंजुरी आहे का? मधेच बाहेर पडता येईल का? उत्तरं पटली नाहीत, तर नाही म्हणायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आणि एक काम आज रात्रीच करा. आईवडिलांच्या सगळ्या औषधांची, काढे-चूर्णांसकट, मात्रेसह यादी मोबाइलमध्ये ठेवा. ऐन धावपळीत 'ती पांढरी गोळी' एवढंच आठवतं, आणि तेवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.