भुंकणं आपलं



आमच्या वैशाली नगरच्या गल्लीत परवा रात्रपाळीची यादी लागली. कारखान्यातली नव्हे, गस्तीची. भिलाईच्या पोलाद कारखान्याला राखायला सीआयएसएफ आहे. आमच्याकडे शिट्टी, बॅटरी आणि काठी. शिट्टीला माझं अनुमोदन, बॅटरीलाही. काठीवरून मात्र मी भांडलो, आणि तेच भांडण आज तुमच्यापुढे घेऊन आलोय.

गल्लीतलं कुत्रं बघा. अनोळखी पाऊल वाजलं की भुंकतं. मग मालक दिवा लावतो, दार उघडतो, चोर की पाहुणा ते ठरवतो. चुकून दूधवाल्यावर भुंकलं तरी कुणाचं काही जात नाही. चुकून चावलं तर? म्हणून म्हणतो, राग मानू नका, भुंकणं आपलं. चावणं आपलं नव्हे.

चावणं कुठवर जातं ते बघा. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. मारणाऱ्यांना वाटत होतं, आपण आपली लेकरं राखतोय.

आपल्या छत्तीसगडात तर, 2005 पासूनच्या सलवा जुडूम या नक्षलविरोधी मोहिमेच्या काळात, बस्तरच्या पोरांना सरकारनेच बंदुकांचे दात बसवून दिले. जुलै 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काढायला लावले. तोवर जे झालं ते... असो, वेळ थोडा आहे.

आता भुंकण्याचं उदाहरण म्हणून भिवंडी घ्या. 1970 आणि 1984 च्या दंगलींत होरपळलेलं शहर. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि बीटचा पोलीस एकत्र बसू लागले. कुठे काय धुमसतंय ते आधी कळू लागलं. डिसेंबर 1992 मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. ओळखीच्या माणसाला हाक मारली तर तो येतो हो!

कायदाही हेच सांगतो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 बघा : डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला तुम्ही धरू शकता, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं. दातात धरा, फाडू नका. पुन्हा सांगतो, भुंका!

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात वर झालाय. आज ज्यांची पाळी आहे त्यांनी बीटच्या शिपायाचा नंबर फोनमध्ये घ्या, 112 लक्षात ठेवा, आणि काठ्या तेवढ्या घरीच राहू द्या.