जर्मनीत बँक खाते उघडताना

महाराष्ट्रातून अनेक मुलेमुली उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जातात. तिथे घरभाडे असो की आरोग्य विम्याचा हप्ता, बँक खात्याशिवाय पान हलत नाही.

पहिली तयारी इथूनच करायची. व्हिसासाठी बहुतेक विद्यार्थी ‘श्पेरकोंटो’ उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो ठेवावे लागतात. हे पैसे एकदम काढता येत नाहीत. महिन्याला ९९२ युरो आपल्या रोजच्या खात्यात येतात. या रोजच्या खात्याला ‘गिरोकोंटो’ म्हणतात.

ते उघडण्यासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. ही नोंद म्हणजे ‘आनमेल्डुंग’. त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते, ते भाडेकरार करतानाच मागून घ्या.

एखाद्या बँकेने नकार दिला, तर खचून जाऊ नका. कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी व्यक्तीलाही २०१६ पासून ‘बाझिसकोंटो’, म्हणजे मूलभूत खाते मिळण्याचा हक्क आहे. अर्ज पूर्ण भरून दिल्यावर बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

निघण्यापूर्वी आपल्या इथल्या बँकेलाही कळवा आणि बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्यात बदलून घ्या. शेवटी कळकळीने सांगते: आपले खाते किंवा कार्ड दुसऱ्या कुणालाही, अगदी मित्रालाही, वापरायला देऊ नका.